तंबाखू, मण्यार आणि मेंदूतली दारे

निवृत्त झाल्यापासून वर्षातून दोन-चारदा तरी एक प्रश्न मला विचारला जातो. कधी ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत, कधी झावबावाडीतल्या ओळखीच्या घरी, कधी फणसवाडीच्या तोंडाशी उभ्याउभ्या. "सर, तंबाखूने डोके चालते म्हणतात. त्यात काही तथ्य आहे का?" विचारणारा बहुधा साठीच्या पुढचा असतो आणि प्रश्न स्वतःसाठी नसतो. घरात कुणीतरी ऐंशीच्या पुढचे असते. गॅस चालू ठेवून विसरणारे, मुलाला भावाच्या नावाने हाक मारणारे, संध्याकाळ झाली की 'मला माझ्या घरी सोडा' म्हणणारे. निकोटीनच्या पट्ट्यांनी स्मरण सुधारते का, यावर अमेरिकेत प्रयोग चालले आहेत, असे कुणीतरी कुठेतरी वाचलेले असते. मग हिशेब मांडला जातो: आजी आयुष्यभर मिश्री लावायची, डॉक्टरांनी ती सोडायला लावली, त्यानंतर ती विसरू लागली, मग मिश्री परत सुरू करावी का?

मी तीस वर्षे औषधशास्त्र शिकवले. या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि ते 'नाही' असे आहे. पण प्रश्न वेडगळ नाही. निकोटीनचा मेंदूतल्या लक्ष आणि स्मरण या व्यवहारांशी खरोखरच संबंध आहे. तो संबंध कोणता, आणि त्यातून औषध काढणे इतके अवघड का, हे शोधण्यात शास्त्रज्ञांची शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या शोधात चिनी वंशाचे तैवानी विषतज्ज्ञ आहेत, एक्वादोरचा बेडूक आहे, तळ्यातली गोगलगाय आहे, आणि पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यातली एक प्रयोगशाळाही आहे. त्या 'नाही'मागची ही हकीकत मुळापासून सांगायला हवी.

चुन्याची करामत

तंबाखूचे पान आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आले. निकोटीन हे नाव पडले ते झां निको या फ्रेंच वकिलावरून; त्याने सोळाव्या शतकात लिस्बनहून तंबाखू फ्रान्सच्या दरबारी पाठवली होती. शुद्ध निकोटीन पानातून वेगळे काढले गेले १८२८ साली, जर्मनीत. तंबाखूचे झाड ते स्वतःच्या बचावासाठी तयार करते. पान कुरतडणाऱ्या किड्याच्या चेतासंस्थेवर ते घाव घालते. म्हणजे मुळात हे कीटकनाशक.

तळहातावर तंबाखू घेऊन तिला चुना लावून मळणाऱ्याला रसायनशास्त्र ठाऊक नसते, पण तो करतो ते शुद्ध रसायनशास्त्र असते. निकोटीनच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू आहेत. त्यातला एक आम्लधर्मी वातावरणात हायड्रोजनचा कण पकडून धनभारित होतो, आणि भारित रेणूला तोंडातल्या अस्तराच्या तेलकट पडद्यातून पलीकडे जाता येत नाही. चुन्यामुळे वातावरण अल्कधर्मी झाले की तो कण सुटतो, रेणू भारमुक्त होतो आणि गालाच्या आतल्या त्वचेतून सरळ रक्तात शिरतो. विडी-सिगारेटच्या धुरात तर फुप्फुसांचा प्रचंड पृष्ठभाग मिळतो. तिथून निकोटीन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचते. मेंदूभोवती रक्तातल्या बहुतेक पदार्थांना अडवणारी तटबंदी आहे. निकोटीन ती सहज ओलांडते. औषध घडवणाऱ्याला हेवा वाटावा असा हा गुण आहे.

पण ते फक्त मेंदूत जात नाही. बेळगाव जिल्ह्यातली निपाणी आपल्याला विडीच्या तंबाखूमुळे आणि १९८१च्या शेतकरी आंदोलनामुळे माहीत आहे. तंबाखूची ओली पाने हाताळणाऱ्या मजुरांना जगभर एक आजार होतो. पानांवरच्या ओलाव्यात उतरलेले निकोटीन त्वचेतून आत जाते आणि मळमळ, उलट्या, चक्कर, डोकेदुखी सुरू होते. पहिली विडी ओढणाऱ्या पोराचे पोट ढवळते तेही याच कारणाने. निकोटीन एकाच वेळी मेंदूला तरतरी देते, आतड्यांना ढवळते, हृदयाचे ठोके वाढवते, रक्तदाब चढवते आणि व्यसन लावते. एकच रेणू इतक्या ठिकाणी इतकी कामे करतो, याचा अर्थ त्याला उघडता येणारी दारे शरीरभर पसरलेली आहेत. ही दारे कोणती, हा पुढचा प्रश्न.

'स्वीकारणारा पदार्थ'

१९०५ साली केंब्रिजमध्ये जॉन लँगली यांनी कोंबडीच्या स्नायूवर प्रयोग केले. निकोटीन दिले की स्नायू आखडे. स्नायूकडे जाणारी चेता तोडून ती पूर्ण मरू दिली, तरीही निकोटीनने स्नायू आखडेच. म्हणजे निकोटीन चेतेवर नव्हे, स्नायूवरच कुठेतरी काम करत होते. मग त्यांनी क्युरारे दिले. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला लावतात ते हे विष. त्याने निकोटीनचा परिणाम थांबला. पण स्नायू मेला नव्हता. विजेचा धक्का दिला की तो हलत होता. लँगलींनी निष्कर्ष काढला की स्नायूच्या पेशीत एक 'स्वीकारणारा पदार्थ' असला पाहिजे. निकोटीन आणि क्युरारे दोघेही त्यासाठीच झगडतात. एक त्याला जागे करतो, दुसरा अडवून ठेवतो. आज ज्याला आपण ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतो, त्या कल्पनेच्या पायाशी हा प्रयोग आहे. आधुनिक औषधशास्त्राची निम्मी इमारत त्यावर उभी आहे.

शरीर काही आपल्यासाठी निकोटीन बनवत नाही. मग हे दार कशासाठी? ते अ‍ॅसिटिलकोलीन या शरीराच्या स्वतःच्या निरोप्यासाठी. एका चेतापेशीच्या टोकाकडून अ‍ॅसिटिलकोलीन सुटते, समोरच्या पेशीवरचे दार उघडते, आणि एका सहस्रांश सेकंदाच्या आसपास एक विकर त्याचे तुकडे करून टाकते. निरोप पोचला, निरोप्या संपला. हेन्री डेल यांनी १९१४ साली दाखवले की अ‍ॅसिटिलकोलीनची दारे दोन घराण्यांची आहेत. एक घराणे निकोटीनला दाद देते, दुसरे एका लाल कुत्र्याच्या छत्रीतल्या मस्करीन या विषाला. आपला विषय पहिले घराणे.

मण्यारीने दाखवलेली वाट

दार आहे हे कळले, तरी ते हाती लागायला आणखी पासष्ट वर्षे गेली. पेशीच्या पडद्यात ते इतके विरळ असते की बाहेर काढायचे कसे, हेच कळत नव्हते. मदतीला आला साप.

परळच्या हाफकीन संस्थेत कित्येक दशके सर्पविषावर काम चालले. १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा म्हणून राज्यपालांच्या जुन्या निवासस्थानी आलेली ही संस्था पुढे प्रतिविषासाठी महाराष्ट्राच्या घराघरांत माहीत झाली. आपल्या चार मुख्य विषारी सापांपैकी घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर आणि ऊतींवर उतरते. नाग आणि मण्यार यांचे चेता-स्नायूंच्या सांध्यावर. मण्यार बहुधा रात्री झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची जागा फारशी दुखत नाही, सुजत नाही. काही तासांनी पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस शुद्धीवर असतो, पण त्याला बोट हलवता येत नाही. क्युरारे करते तेच.

तैवानमध्ये मिळणाऱ्या मण्यारीच्या एका जातीच्या विषाची तिथल्या चांग आणि ली या दोन शास्त्रज्ञांनी १९६३ साली फोड केली. त्यातल्या एका प्रथिनाला त्यांनी अल्फा-बंगारोटॉक्सिन नाव दिले. मण्यारीच्या कुळाचे शास्त्रीय नाव बंगारस, त्यावरून हे नाव. हे प्रथिन निकोटीनच्या दाराला असे चिकटते की जवळजवळ सुटतच नाही, आणि शेजारच्या कुठल्याही प्रथिनाकडे ते ढुंकून पाहत नाही. पॅरिसमध्ये झां-पिएर शांझो विद्युत मासा घेऊन याच दाराच्या शोधात होते. त्या माशाचा विजेचा अवयव म्हणजे स्नायूचेच बदललेले रूप. तिथे ही दारे दाटीवाटीने भरलेली असतात. ली यांचे विष आणि शांझो यांचा मासा एकत्र आले आणि १९७० साली शरीरातला एक ग्राही पहिल्यांदाच पडद्यातून वेगळा ओळखून हाती आला.

सापाचे विष निकोटीनपेक्षा फार वेगळ्या अर्थाने शिकवून जाते. निकोटीन अनेक दारांना हात लावते. अल्फा-बंगारोटॉक्सिन मोजक्याच दारांना, पण त्यांना करकचून धरते. औषध घडवणाऱ्याला हवा असतो तो या निवडकपणाचा अंश, त्यातला मारकपणा वगळून.

पाच फळ्यांचे दार

आता दाराची रचना. पिंपाच्या फळ्या जशा शेजारी शेजारी उभ्या करून गोल बांधतात, तशी पाच प्रथिने पेशीच्या पडद्यात उभी असतात. मधोमध पोकळी. एरवी ती मिटलेली. दोन फळ्यांच्या फटीत, बाहेरच्या बाजूला, अ‍ॅसिटिलकोलीनची खाच असते. निरोप्या खाचेत बसला की फळ्या किंचित वळतात, पोकळी उघडते आणि सोडियम, कॅल्शियम यांसारखे भारित कण आत शिरतात. पेशीला जाग येते.

घोळ असा की फळ्या एकाच प्रकारच्या नसतात. माणसात सोळा प्रकारच्या आहेत; पक्ष्यांत सतरावी सापडते. स्नायूंतल्या दाराच्या फळ्या वेगळ्या. हृदय, आतडी, रक्तवाहिन्या यांना आज्ञा देणाऱ्या चेतापेशींच्या गाठींत प्रामुख्याने अल्फा-३ आणि बीटा-४ या फळ्यांची दारे. मेंदूत सर्वाधिक आढळणारी दोन: अल्फा-४ आणि बीटा-२ यांचे मिश्र दार, आणि पाचही फळ्या अल्फा-७ असलेले दार. व्यसनाची मेख पहिल्यात आहे, कारण सुखाची जाणीव देणाऱ्या डोपामीनच्या पेशींवर ते बसलेले असते. अल्फा-७चे दार स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात विपुल आहे आणि ते कॅल्शियमला विशेष मोकळी वाट देते. नवे काही शिकताना पेशींमधले दुवे पक्के होतात, त्यात कॅल्शियमचा वाटा मोठा.

अ‍ॅसिटिलकोलीनची खाच मात्र या सगळ्या दारांत जवळजवळ सारखी. असणारच, निरोप्या एकच आहे. २००१ साली तळ्यातल्या एका गोगलगायीच्या प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी उलगडली. हे प्रथिन या दाराच्या बाहेरच्या भागाशी इतके मिळतेजुळते आहे की खाचेचा पहिला स्पष्ट नकाशा त्यावरून मिळाला. खाचेच्या भिंती सुगंधी वलये असलेल्या अमिनो आम्लांच्या आहेत आणि त्यांच्या पेटीत नायट्रोजनचा धनभार नेमका बसतो.

मग निकोटीन मेंदूतले दार सहज उघडते, पण विडी ओढणाऱ्याचे हातपाय का आखडत नाहीत? स्नायूतही तेच घराणे आहे ना? २००९ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी याचे उत्तर दिले. खाचेजवळच्या एका ठिकाणी मेंदूच्या दारात लायसीन हे अमिनो आम्ल आहे, स्नायूच्या दारात ग्लायसीन. शेकडो मणी ओवलेल्या माळेतला एक मणी. त्या एका मण्यामुळे पेटीचा आकार असा बदलतो की मेंदूत निकोटीनची पकड घट्ट होते, स्नायूत सैल राहते. हा मणी स्नायूतही लायसीनचा असता, तर तंबाखू व्यसन न होता विष म्हणूनच ओळखली गेली असती.

निवडक रेणू घडवणाऱ्यांचा सारा खेळ अशा एकेका मण्यावर चालतो.

बेडूक, पिवळी फुले आणि फसलेला भरवसा

१९७४ साली जॉन डेली या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने एक्वादोरमधल्या एका चिमुकल्या विषारी बेडकाच्या कातडीतून अर्क काढला. उंदरात त्याने वेदना थांबत, मॉर्फीनच्या सुमारे २०० पट जोराने, आणि तेही मॉर्फीनच्या वाटेने न जाता. रेणू इतका कमी मिळाला होता की त्याची रचना ठरवायला १९९२ साल उजाडले. एपिबॅटिडीन हे त्याचे नाव. ते निकोटीनचीच दारे उघडत होते, पण जवळजवळ सगळीच. औषधाची मात्रा आणि मरणाची मात्रा यांत अंतर उरत नव्हते. अ‍ॅबट कंपनीने त्याच्या धर्तीवर सौम्य रेणू घडवला. मधुमेहींच्या चेतावेदनेवर माणसांत चाचणी झाली. वेदना कमी झाली, पण मळमळ, उलट्या, चक्कर यांनी इतके रुग्ण मध्येच बाहेर पडले की तो रेणू सोडून द्यावा लागला. निपाणीच्या ओल्या पानांचीच ही गोष्ट, वेगळ्या वेषात.

दुसरी वाट झाडाकडून आली. आपल्या बहाव्यासारखे पिवळे घोस लोंबणारे लॅबर्नम हे युरोपातले झाड. त्याच्या बियांतले सिटिसीन हे द्रव्य निकोटीनच्या खाचेत बसते, पण दार अर्धेच उघडते. बल्गेरियात १९६४पासून ते तंबाखू सोडण्यासाठी विकले जात होते. फायझरच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या सांगाड्यात बदल करत व्हॅरेनिक्लीन घडवले; २००६ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. नळ अर्धा सोडून ठेवला तर पाण्याची ओढ भागते आणि पिंपही वाहून जात नाही. तसे हे औषध तलफ भागवते, आणि खाचेत बसून राहिल्यामुळे विडी ओढली तरी तिच्यातल्या निकोटीनला जागा मिळत नाही. त्याने मन बिघडते अशी भीती होती. २०१६ साली ८,१४४ लोकांवरच्या चाचणीत खोट्या गोळीच्या तुलनेत तसे विशेष काही आढळले नाही. मळमळ मात्र होते. प्रिन्सेस स्ट्रीटचा घाऊक औषधबाजार ठाकूरद्वारपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. निकोटीनच्या दारावर बेतलेली जी थोडी औषधे बाजारात पोचली, त्यांतले हे एक ठळक.

तिसरी वाट स्मरणाची. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत धूम्रपानाचे प्रमाण फार मोठे असते, हे मानसोपचारतज्ज्ञ फार पूर्वीपासून पाहत आले आहेत. डेन्व्हरच्या रॉबर्ट फ्रीडमन यांनी एक साधी चाचणी वापरली. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन 'टक' आवाज ऐकवायचे. निरोगी मेंदू दुसऱ्या आवाजाकडे दुर्लक्ष करतो. अनेक रुग्णांचा मेंदू करू शकत नाही. निकोटीन दिले की ती चाळणी थोडा वेळ काम करते. १९९७ साली या दोषाचा संबंध अल्फा-७च्या जनुकाच्या परिसराशी जोडला गेला. तेव्हापासून अनेक कंपन्या फक्त अल्फा-७ उघडणाऱ्या रेणूंच्या मागे लागल्या. एनसेनिक्लीन हा त्यातला सर्वांत पुढे गेलेला. २०१५ साली अल्झायमरवरच्या त्याच्या मोठ्या चाचण्या पोटाच्या गंभीर तक्रारींमुळे थांबवल्या गेल्या. २०१६ साली स्किझोफ्रेनियातही तो फळला नाही.

बिजागरीला तेल

चुकत काय होते? एक तर शेजारधर्म. सेरोटोनिनचे एक दार अल्फा-७चे चुलत भावंड आहे आणि ते आतड्यांत, उलटीच्या केंद्रात असते. अल्फा-७च्या खाचेसाठी घडवलेला रेणू त्यालाही हात लावतो. दुसरे कारण अधिक खोल. अल्फा-७च्या कुलपात चावी घातली की दार क्षणभर उघडते. चावी तशीच ठेवली तर दार उघडे राहत नाही. ते आपोआप मिटते आणि काही काळ कुठल्याच चावीला दाद देत नाही. अ‍ॅसिटिलकोलीन येते आणि क्षणात संपते, म्हणून दार पुन्हा तयार राहते. औषध मात्र तासन्‌तास रक्तात असते. दार उघडायला दिलेले औषध दार बंद करून बसते. जास्त मात्रा दिली की परिणाम कमी, हे कोडे अनेक चाचण्यांत दिसले ते यामुळे. शिवाय मेंदूत निरोपाचा वेळ हाच निरोपाचा अर्थ असतो. सतत वाजणारी घंटा कुणाला काही सांगत नाही.

म्हणून नवी कल्पना पुढे आली. कुलपाला हात लावायचा नाही. दाराच्या दुसऱ्याच भागात, बिजागरीशी म्हणू, बसणारा रेणू शोधायचा. तो एकटा असताना काहीच करत नाही. मेंदूने आपल्या वेळेला आपले अ‍ॅसिटिलकोलीन सोडले की मात्र दार अधिक सहज उघडते, किंचित अधिक वेळ उघडे राहते. चावी मेंदूची, वेळ मेंदूची. आपण फक्त बिजागरीला तेल दिले. शास्त्रीय भाषेत याला अ‍ॅलोस्टेरिक नियमन म्हणतात. 'अ‍ॅलो' म्हणजे ग्रीकमध्ये दुसरा. याचा मोठा फायदा निवडकपणाचा. खाच सगळ्या दारांत सारखी, कारण तिथे बसणारा निरोप्या एक. बिजागरीच्या जागेवर तसे बंधन नाही, त्यामुळे तिथे घराण्यातली भावंडे एकमेकांपासून अधिक वेगळी आहेत. फरक जिथे जास्त, तिथे निवड सोपी.

मुळशीतला रेणू

१९६८ साली मुंबईत देशबंधू गुप्ता यांनी ल्युपिन सुरू केली. क्षयाच्या औषधांसाठी ती ओळखली जाते. तिचे संशोधन केंद्र मुळशी तालुक्यातल्या नांदे गावी आहे. २०२० साली 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री' या नियतकालिकात तिथल्या चमूचा निबंध आला. विषय: अल्फा-७च्या बिजागरीला तेल देणारा, मेंदूत पोचणारा, तोंडाने घेता येणारा रेणू.

या रेणूची चण शब्दांत सांगता येईल. मधोमध पाच अणूंचे वलय, त्यात एक गंधकाचा अणू; याला थायोफीन म्हणतात. त्याच्या एका बाजूला बेंझीनचे वलय आणि त्याच्या टोकाला क्लोरीन. दुसऱ्या बाजूला आणखी एक बेंझीनचे वलय आणि त्याच्या टोकाला सल्फोनामाइड हा गट. जुन्या सल्फा औषधांतला आपल्या ओळखीचा. शिवाय दोन छोट्या फांद्या. अ‍ॅबटच्या चमूने काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेल्या एका रेणूत मधल्या वलयात गंधकाऐवजी नायट्रोजन होता. क्लोरीनची बाजू आणि सल्फोनामाइडची बाजू तिथेही दिसते. दोन्ही आकृत्या शेजारी ठेवल्या की या विद्येची रीत कळते. रसायनशास्त्रज्ञ एका वेळी एक अणू हलवतो आणि काय बदलले ते पाहतो. क्लोरीनच्या जागी फ्लुओरीन घातला तर? फांदी एका कार्बनने लांबवली तर? प्रत्येक नवा रेणू पुन्हा पहिल्यापासून बनवायचा, शुद्ध करायचा, तपासायचा.

तपासणीची यादी वाचली की निवडकपणा म्हणजे काय ते समजते. अल्फा-७ असलेल्या पेशींवर परिणाम हवा. अल्फा-४ बीटा-२वर नको, नाहीतर व्यसनाच्या वाटेला हात लागेल. गाठींतल्या दारांवर नको, नाहीतर पोट आणि रक्तदाब. सेरोटोनिनच्या चुलत भावंडावर नको. हृदयाची लय सांभाळणाऱ्या पोटॅशियमच्या दारावर नको. त्यावरून कित्येक चांगली औषधे बाद झाली आहेत. यकृताने त्याचे घाईने तुकडे करू नयेत. मेंदूची तटबंदी ओलांडता यावी. तेलही बेताचे हवे: दार फार वेळ उघडे राहिले तर कॅल्शियमचा लोंढा पेशीलाच मारू शकतो. यादीत एक 'हवा' आहे, बाकी सारे 'नको'. बाहेरच्या माणसाला वाटते, औषध शोधणे म्हणजे योग्य दार उघडणारा रेणू शोधणे. प्रत्यक्षात बहुतेक आयुष्य जाते ते बाकीची दारे न उघडणारा रेणू शोधण्यात.

नांद्याचा रेणू उंदीरवर्गीय प्राण्यांत उतरला. प्राण्याला एक वस्तू दाखवायची, काही काळाने ती आणि एक नवी वस्तू समोर ठेवायची. जुनी आठवत असेल तर तो नव्या वस्तूकडे अधिक वेळ घालवतो. विसराळू केलेल्या प्राण्यांत हे स्मरण फार कमी मात्रेत परत आले, असे निबंधात आहे. माणसांतल्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांत तो सुरक्षित ठरला आणि सौम्य ते मध्यम अल्झायमरच्या रुग्णांत परिणाम तपासण्याची वाट धरली. हैदराबादच्या सुवेन कंपनीने याच घराण्यातल्या अल्फा-४ बीटा-२ला अडवणारा रोपॅनिकँट हा रेणू नैराश्यासाठी माणसांतल्या चाचण्यांपर्यंत नेला. भारतात नुसती दुसऱ्यांची औषधे स्वस्तात बनवतात, अशी आपल्याच लोकांची समजूत असते. तिला हे उत्तर आहे.

पण उंदराचा विसराळूपणा म्हणजे आजीचा विसराळूपणा नव्हे. उंदराला औषध देऊन तास-दोन तास विसरायला लावलेले असते. आजीच्या मेंदूतल्या पेशी वर्षानुवर्षे मरत आलेल्या असतात. दारच उरले नाही तर तेल कुठे घालणार? आजवर अल्फा-७वर बेतलेले एकही औषध स्मृतिभ्रंशासाठी बाजारात आलेले नाही.

आशेला जागा मात्र आहे. मस्करीनच्या घराण्यातही हीच अडचण होती. तिथे एक युक्ती फळली. झेनोमेलीन मेंदूत चांगले काम करी, पण पोट बिघडवी. म्हणून त्याच्या जोडीला मेंदूत न शिरणारे आणि बाहेरची दारे अडवून ठेवणारे दुसरे औषध दिले. २०२४ साली अमेरिकेत या जोडीला स्किझोफ्रेनियासाठी मान्यता मिळाली. रेणू निवडक होत नसेल तर त्याचा मुलूख आखून द्यायचा.

घरात काय करायचे

निकोटीनच्या पट्ट्यांची बातमी खोटी नव्हती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सौम्य विसराळूपणा असलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या ७४ लोकांवर सहा महिने पट्ट्यांची चाचणी झाली; निकोटीनची पट्टी मिळालेल्यांच्या लक्ष देण्याच्या क्षमतेत सुधारणा दिसली. पण तो वैद्यकीय देखरेखीखालचा छोटा प्रयोग होता, आणि पट्टी म्हणजे मिश्री नव्हे. मिश्रीत निकोटीनबरोबर भाजलेल्या पानाची कर्करोगजनक द्रव्ये हिरड्यांवर रोज घासली जातात. त्याचा हिशेब परळच्या टाटा रुग्णालयाच्या ओसरीत मांडलेला दिसतो. 'विडी ओढणाऱ्यांना अल्झायमर कमी होतो' असे सांगणारे जुने अभ्यासही टिकले नाहीत. ओढणारे बरेचसे त्या वयापर्यंत पोचतच नव्हते, आणि काही अभ्यासकांचे तंबाखू उद्योगाशी संबंध होते. ते बाजूला काढून पाहिले तर धूम्रपानाने अल्झायमरचा धोका वाढतो.

मिश्री सोडली म्हणून आजी विसरू लागली, हेही खरे नाही. सत्तरी-ऐंशीत दोन्ही गोष्टी एकाच सुमाराला येतात, एवढेच. सवय सुटल्यावर काही आठवडे लक्ष लागत नाही, चिडचिड होते, ती ओसरते.

आज मिळणारे डोनेपेझिल हे औषध अ‍ॅसिटिलकोलीन तोडणाऱ्या विकराला आवरते. निरोप्या थोडा अधिक टिकतो, पण सगळीकडेच टिकतो. म्हणून कुणाकुणाला मळमळ, जुलाब होतात. काहींना त्याने वर्ष-दोन वर्षांची उसंत मिळते. ती घ्यावी. त्याआधी थायरॉइड, ब१२ जीवनसत्त्व, नैराश्य आणि ऐकू न येणे एवढे तपासून घ्यावे, कारण यातले काहीही विसराळूपणाचे सोंग घेऊन येते आणि यातले बरेचसे बरे होते. चष्मा आणि कानातले यंत्र हाताशी असू द्यावे. गॅसला आपोआप बंद होणारी झडप बसवावी. संध्याकाळी घरी जायचे म्हणणाऱ्या माणसाला 'हेच तुझे घर' असे पटवत बसू नये. हात धरून गॅलरीत दोन फेऱ्या मारून परत आणावे. नांद्यात किंवा आणखी कुठे तो 'नको'ची सगळी यादी पार करणारा रेणू कधीतरी निघेल. त्याला वेळ लागेल, आणि तोवर तंबाखूच्या डबीतले निकोटीन त्याची जागा घेऊ शकत नाही.